प्रार्थनेसारखे एक गाणे आणि त्यातून गाळला गेलेला माणूस

१/
आजचा धागा एका गाण्याविषयी आहे. लढाया, तह, राजवंश, किल्ले यांवर आपण येथे पुष्कळ वाचतो. एखादे लोकप्रिय गाणे बाजारात आले, त्यावर वादळ उठले आणि काही महिन्यांत शमले, यात इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावे असे काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. पदव्युत्तर वर्गात 'लोकप्रिय कृतींचे स्वागत' या विषयावर निबंध लिहिताना मलाही तो पडला होता. त्याचे उत्तर शोधताना साधने वाचण्याची माझी रीतच बदलली. गाणे होते मॅडोनाचे 'लाइक अ प्रेयर' आणि साल १९८९.

२/
प्रथम घटनाक्रम पाहू. २ मार्च १९८९, गुरुवार. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'द कॉस्बी शो' ही त्या काळची अत्यंत लोकप्रिय मालिका चालू असताना पेप्सीची दोन मिनिटांची जाहिरात लागली. मॅडोना स्वतःच्या आठव्या वाढदिवसाची जुनी चित्रफीत पाहते आहे. पाहता पाहता ती आणि ती लहान मुलगी एकमेकींच्या जागी जातात. मागे वाजणारे गाणे तोवर कोणी ऐकलेले नव्हते. ही जाहिरात त्याच वेळी अनेक देशांत दाखवली गेली. नवे गाणे जगाने प्रथम ऐकले ते एका शीतपेयाच्या जाहिरातीत.

३/
दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, एमटीव्हीवर त्याच गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात वाढदिवस नव्हता, केक नव्हता, पेयाची बाटलीही नव्हती. त्यात एक खून होता, एक खोटी अटक होती, चर्चमध्ये रडणारी एका काळ्या संताची मूर्ती होती आणि रात्रीच्या अंधारात जळणारे क्रूस होते. एकच गाणे, चोवीस तासांच्या अंतराने, दोन परस्परविरोधी चित्रांसह लोकांच्या घरात शिरले. पुढचा सारा इतिहास या दोन चित्रांच्या टकरीतून घडला.

४/
गायिकेविषयी थोडे. मॅडोना लुइझ चिकोनी हिचा जन्म १६ ऑगस्ट १९५८ रोजी मिशिगन राज्यातील बे सिटी येथे झाला. वडील इटालियन वंशाचे, घर कडक कॅथलिक. आईचे नावही मॅडोनाच. ती १९६३ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने वारली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. १९८८ च्या ऑगस्टमध्ये मुलीने आईचे ते वय गाठले. १९८९ च्या जानेवारीत अभिनेता शॉन पेनशी झालेला विवाह मोडण्यासाठी तिने न्यायालयात अर्ज केला. या पार्श्वभूमीवर तयार झालेला आल्बम तिने आईला अर्पण केला, आणि अर्पणपत्रिकेत म्हटले की प्रार्थना करायला आईनेच शिकवले.

५/
'लाइक अ प्रेयर' हे त्या आल्बमचे 'लीड सिंगल', म्हणजे आल्बम येण्यापूर्वी त्याची ओळख करून देण्यासाठी सुटे प्रसिद्ध केलेले पहिले गाणे. आल्बम २१ मार्चला आला. लेखन आणि निर्मिती मॅडोना व पॅट्रिक लेनर्ड यांची. पाठीमागचा वृंद आंद्रे क्राउच या काळ्या गॉस्पेल संगीतकाराचा. मायकेल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर' मध्येही त्यांच्याच वृंदाचा आवाज आहे. गॉस्पेल हे अमेरिकेतील काळ्या ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेचे संगीत. त्या वृंदाचा आवाज पॉप गाण्यात आणणे म्हणजे एका समाजाचा देव्हाराच रंगमंचावर आणणे होय, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

६/
गाण्याचे शब्द जाणूनबुजून द्व्यर्थी आहेत. ऐकणाऱ्याला ते प्रियकराला उद्देशून वाटू शकतात आणि परमेश्वरालाही. हा काही नवा प्रमाद नव्हता. सोळाव्या शतकातील अविलाच्या संत तेरेसाने आपला ईश्वरानुभव ज्या देहभाषेत सांगितला, ती शिल्पकार बेर्निनीने सतराव्या शतकात संगमरवरात कोरली. ते शिल्प आजही रोममधील एका चर्चमध्ये आहे. आपल्याकडे विराण्या वाचत मोठ्या झालेल्या वाचकाला भक्तीने विरहिणीचा वेश घेण्याचे नवल वाटणार नाही. नवे होते ते माध्यम, आणि त्या माध्यमामागचा पैसा.

७/
पैसा किती? पेप्सीने मॅडोनाशी ५० लाख डॉलरचा करार केला होता. त्यात जाहिराती होत्या आणि पुढील दौऱ्याचे प्रायोजकत्वही होते. फेब्रुवारीत ग्रॅमी पुरस्कारांच्या प्रक्षेपणात तर येऊ घातलेल्या जाहिरातीचीच जाहिरात दाखवण्यात आली. कंपनीचा हिशेब सरळ होता: नव्या गाण्याची उत्सुकता पेयाला मिळावी आणि पेयाचे वितरण गाण्याला मिळावे. मात्र व्हिडिओ हा मॅडोना आणि दिग्दर्शिका मेरी लॅम्बर्ट यांचा प्रांत राहिला.

८/
आता व्हिडिओची कथा. ती मी क्रमाने सांगते, कारण ती क्रमाने फार थोड्यांनी सांगितली. एका स्त्रीवर काही गोरे तरुण हल्ला करतात. एक काळा पुरुष तिच्या मदतीला धावतो. पोलीस येतात आणि त्या काळ्या पुरुषालाच अटक करतात. नायिकेने हे सारे पाहिले आहे. हल्लेखोरांपैकी एकजण तिच्याकडे धमकावणारा कटाक्ष टाकतो. ती पळत एका चर्चमध्ये शिरते. तेथे गजांआड एका काळ्या संताची मूर्ती आहे. मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू वाहत आहेत, आणि तिचा चेहरा अटक झालेल्या माणसासारखा आहे.

९/
ती बाकावर आडवी होते आणि तिला स्वप्न पडते. आकाशातून पडताना एक काळी स्त्री तिला झेलते आणि पुन्हा वर सोडते. मूर्ती सजीव होते, तिच्या कपाळाचे चुंबन घेऊन निघून जाते. खाली पडलेला सुरा उचलताना तिचे तळवे कापतात, आणि क्रूसावरील ख्रिस्ताच्या जखमांसारख्या जखमा तेथे उमटतात. चर्चमध्ये वृंद गातो. जळत्या क्रूसांसमोर ती नाचते. संताशी तिच्या प्रणयाची काही दृश्ये येतात. मग ती जागी होते, पोलीस ठाण्यात जाते, पाहिलेले सांगते आणि तो माणूस सुटतो. शेवटी पडदा पडतो आणि सारी पात्रे प्रेक्षकांना अभिवादन करतात. म्हणजे आपण पाहिले ते एक नाटक होते.

१०/
कथेचा कणा असा: एका गोऱ्या स्त्रीने साक्ष द्यावी की न द्यावी. चर्च, संत, स्वप्न, जखमा हे सारे त्या निर्णयाकडे नेणारे टप्पे आहेत. व्हिडिओतील धर्म तिला साक्ष देण्याचे बळ देतो. एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्यावर एवढा गदारोळ झाला, त्यात हा कणा कोणाला दिसला?

११/
गदारोळ झाला तो असा. मिसिसिपी राज्यातील डॉनल्ड वाइल्डमन या पाद्र्याच्या अमेरिकन फॅमिली असोसिएशनने पेप्सीवर बहिष्काराची धमकी दिली. टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टीचे कॅथलिक बिशप रेने ग्रासिदा यांनीही बहिष्काराची हाक दिली. इटलीत कॅथलिक गटांनी निषेध केला, व्हॅटिकनमधूनही नापसंती व्यक्त झाली. कंपनीचे म्हणणे होते की लोक जाहिरात आणि व्हिडिओ यांत गल्लत करत आहेत. एप्रिलच्या सुरुवातीस तिने जाहिरात मागे घेतली आणि प्रायोजकत्वही सोडले. ५० लाख डॉलर मॅडोनाकडेच राहिले.

१२/
वेळही पाहावी. सहा-सात महिन्यांपूर्वी, ऑगस्ट १९८८ मध्ये, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' या चित्रपटावर मोठी निदर्शने झाली होती. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या एका चित्रपटगृहाला त्यापायी आग लावण्यात आली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सलमान रश्दी यांच्याविरुद्ध फतवा निघाला होता. म्हणजे व्हिडिओ प्रसिद्ध झाला तेव्हा 'पवित्राचा अवमान' हा शब्दप्रयोग साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांत रोजचा झाला होता. नव्या कृतीला वाचण्याचा साचा आधीच तयार होता, आणि ती त्यात ओतली गेली.

१३/
याच सुमारास, ५ एप्रिलला, वाइल्डमन यांनी एक पत्र लिहिले. अमेरिकेत कलेच्या सरकारी अनुदानावरून पुढे जे रण पेटले, त्याच्या इतिहासात हे पत्र नेहमी उद्धृत होते. त्याचा मुख्य विषय छायाचित्रकार आंद्रेस सेरानो यांची एक कृती हा आहे. ख्रिस्ती धर्माच्या विटंबनेची उदाहरणे देताना त्यात स्कॉर्सेसींचा चित्रपट येतो आणि पाठोपाठ हा व्हिडिओ. मात्र त्यातील वर्णनात काळा संत नाही. तेथे एक पाद्री आहे, आणि मॅडोना स्वतः ख्रिस्ताच्या रूपात आहे. खोटी अटक नाही, खून नाही, साक्ष नाही.

१४/
हे पत्र प्रथम वाचले तेव्हा मी व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. पाद्री कोठेच नाही. वर्णन करणाऱ्याने व्हिडिओ पाहिला नव्हता की पाहूनही त्याला तो तसा आठवला, हे पत्रावरून कळत नाही. परिणाम मात्र एकच होतो. ज्याच्यावर खोटा आळ आला तो काळा माणूस व्हिडिओत सुटतो आणि पत्रातून पुसला जातो. निषेध करणाऱ्यांनी व्हिडिओचा अर्थ चुकीचा लावला, एवढेच म्हणून मला थांबता येईना. त्यांनी काय गाळले याचा मला अधिक विचार करावा लागला.

१५/
जळता क्रूस घ्या. निषेधपत्रांत तो ख्रिस्ताच्या चिन्हाचा अपमान म्हणून येतो. पण अमेरिकेत क्रूस कोणी जाळले? कू क्लक्स क्लानने. गंमत अशी की १८६० च्या दशकातील मूळ क्लान क्रूस जाळत नसे. ही कल्पना टॉमस डिक्सन यांच्या १९०५ च्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीतून आली. तिच्यावर बेतलेला 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट १९१५ साली गाजला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून विल्यम सिमन्स यांनी क्लानचे पुनरुज्जीवन केले. साहित्यातून पडद्यावर, पडद्यावरून डोंगरावर, असा त्या आगीचा प्रवास आहे.

१६/
ही आग काळ्यांना भिववण्यासाठी होती, आणि १९२० च्या दशकात ती कॅथलिकांनाही भिववत असे. दुसरी क्लान कडवी प्रोटेस्टंट होती; स्थलांतरित, ज्यू आणि कॅथलिक हे तिचे उघड शत्रू होते. १९२८ साली अल स्मिथ हे अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार ओक्लाहोमात प्रचाराला गेले, तेव्हा त्यांच्या आगगाडीचे स्वागत जळत्या क्रूसांनी झाले. इटालियन-अमेरिकन कॅथलिक घरातली एक मुलगी जळत्या क्रूसांसमोर उभी राहते, तेव्हा त्या चित्रात हाही इतिहास असतो. दिग्दर्शिका लॅम्बर्ट यांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतील आर्कान्सा राज्यातला. त्या मातीत ही प्रतिमा कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

१७/
आता खोटी अटक घ्या. १९३१ च्या मार्चमध्ये अलाबामातील स्कॉट्सबरो प्रकरणात दोन गोऱ्या स्त्रियांवर आगगाडीत बलात्कार केल्याचा आरोप नऊ काळ्या मुलांवर ठेवण्यात आला. काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९३३ च्या फेरसुनावणीत त्यांतील एक स्त्री, रुबी बेट्स, बचावपक्षाच्या बाजूने उभी राहिली आणि बलात्कार झालाच नव्हता असे तिने शपथेवर सांगितले. तरीही ज्यूरीने आरोपीला दोषी ठरवले. त्या नऊ जणांपैकी शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी मिळाली ती २०१३ साली. व्हिडिओत गोऱ्या स्त्रीची साक्ष होताच दार उघडते. इतिहासात ते दार तिच्या साक्षीनेही उघडले नव्हते.

१८/
आणि आता ती तारीख, जिच्यामुळे मी हा धागा लिहिण्याचे ठरवले. बिलबोर्डच्या २२ एप्रिल १९८९ च्या यादीत 'लाइक अ प्रेयर' पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथे राहिले. त्याच्या तीन दिवस आधी, १९ एप्रिलच्या रात्री, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका गोऱ्या तरुणीवर अमानुष हल्ला झाला. चौदा ते सोळा वर्षांच्या पाच मुलांना पोलिसांनी त्यासाठी आरोपी केले. त्यांतील चौघे काळे आणि एक लॅटिनो होता.

१९/
१ मे रोजी डॉनल्ड ट्रम्प यांनी न्यूयॉर्कच्या चार वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन मृत्युदंड परत आणण्याची मागणी केली. गाणे तेव्हाही पहिल्या क्रमांकावर होते. १९९० साली मुले दोषी ठरली. २००२ साली खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब आणि डीएनएचा पुरावा आल्यावर पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. २०१४ साली शहराने त्यांच्याशी सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली.

२०/
सावधपणे सांगते: या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. व्हिडिओ आधीच तयार होता. तो भविष्यवाणीही नव्हे, कारण स्कॉट्सबरोसारख्या प्रकरणांनी ती कथा साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. पण एक समाज काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे समजून घ्यायला याहून ठळक योगायोग सापडणे कठीण. गोऱ्या स्त्रीवरील हल्ल्यात काळ्या माणसाला खोटे गोवण्याची कथा देशातील सर्वाधिक लोकप्रिय गाण्याच्या चित्रात दररोज दिसत होती. चर्चा मात्र चुंबनाची चालू होती.

२१/
सगळे असेच वाचत होते, असेही नाही. कॅथलिक पाद्री आणि समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्रीली यांनी 'अमेरिका' या जेझुइट साप्ताहिकात त्याच वर्षी मे महिन्यात लेख लिहून मॅडोनाची बाजू घेतली. सृष्टीतील वस्तूंतून, देहातूनही, ईश्वराचा संकेत मिळतो या कॅथलिक दृष्टीशी हे गाणे विसंगत नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. म्हणजे 'चर्चचा निषेध' हे शब्द आपण सहज लिहितो तेव्हा चर्चमधील हा दुसरा आवाज आपणही गाळतो.

२२/
काळ्या विचारवंतांतही एकमत नव्हते. बेल हुक्स यांनी १९९२ च्या 'ब्लॅक लुक्स' या पुस्तकातील निबंधात मॅडोनाची परखड चिकित्सा केली. त्यांच्या मते व्हिडिओतील काळी पात्रे, विशेषतः चर्चमध्ये गाणारी आणि नायिकेला सावरणारी स्त्री, गोऱ्या नायिकेच्या आत्मशोधासाठी राबवली जातात. याउलट रॉनल्ड स्कॉट यांनी १९९३ च्या एका अभ्यासग्रंथात याच व्हिडिओतील वंश आणि काळ्या चर्चच्या प्रतिमांचे सविस्तर व पुष्कळसे सहानुभूतीने विश्लेषण केले. मला हुक्स यांचा आक्षेप टाळता येत नाही. सुटलेल्या माणसाला व्हिडिओत नाव नाही, आणि आपण सारे नाव घेतो ते मॅडोनाचे.

२३/
सामान्य प्रेक्षकाचे काय? जेन ब्राउन आणि लॉरी शुल्झ यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मॅडोनाचे आधीचे व्हिडिओ दाखवले. 'पापा डोन्ट प्रीच' पाहून बहुतेक गोऱ्या विद्यार्थ्यांनी ती अविवाहित मुलीच्या गरोदरपणाची कथा मानली. काळ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना ती मुख्यतः बाप-लेकीची कथा वाटली. गाण्यातील 'बेबी' हा शब्द काहींनी प्रियकरासाठी घेतला. तीच चित्रे, तेच शब्द, आणि दोन वेगळ्या कथा. 'लोकांना हे गाणे कसे वाटले' या प्रश्नातील 'लोक' हा शब्द त्यानंतर मला बेफिकिरीने वापरता आलेला नाही.

२४/
माझ्या घरातही या गाण्याची एक साक्षीदार आहे. माझी मावशी त्या काळी गिरगावात राहून महाविद्यालयात शिकत होती. आपल्याकडे तेव्हा दूरदर्शन तेवढे होते. उपग्रहावरून एमटीव्ही आले ते १९९१ साली, स्टार वाहिन्यांबरोबर. गाणे तिच्याकडे आले ते मैत्रिणीने भरून दिलेल्या कॅसेटवर. संत नाही, क्रूस नाही, पेप्सीही नाही. तिला मी विचारले, "मावशी, हे गाणं कशाबद्दल आहे असं वाटायचं तुला?" ती म्हणाली, "अगं, शब्द कुठे सगळे कळत होते? मला वाटायचं, ती आईला हाक मारतेय." आल्बमच्या अर्पणपत्रिकेविषयी तिला काहीच ठाऊक नव्हते.

२५/
मावशीचे हे वाक्य कोणत्याही कात्रणसंग्रहात सापडणार नाही. माझ्या निबंधासाठी जमवलेली सामग्री मी एकदा टेबलावर मांडून पाहिली होती. निषेध, बहिष्कार, खुलासे, माघार यांच्या कागदांचा ढीग जाड होता. गाणे आवडले म्हणून कोणी निवेदन काढत नाही. सांत्वन मिळाले म्हणून कोणी मोर्चा नेत नाही. संतापाला टंकलेखक मिळतो, पत्रपेटी मिळते, वार्ताहर मिळतो. अभिलेखागार भरते ते अशा आवाजांनी, आणि पुढे आपण तेथे जाऊन म्हणतो की त्या काळी समाज संतापला होता. हे एका गाण्यापुरते खरे नाही. कोणत्याही बंदी घातलेल्या नाटकाचा, जप्त पुस्तकाचा किंवा सुधारकावरील बहिष्काराचा इतिहास लिहिताना हाच धोका असतो.

२६/
आकड्यांत पाहिले तर स्वागत उघडच वेगळे होते. हे मॅडोनाचे अमेरिकेतील सातवे अव्वल क्रमांकाचे गाणे ठरले. ब्रिटनमध्येही ते तीन आठवडे पहिले होते. समीक्षकांनी आल्बमला तिच्या कारकिर्दीतील नवा टप्पा मानले. सप्टेंबर १९८९ मध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार या व्हिडिओला मिळाला. त्या पुरस्काराची प्रायोजक पेप्सीच होती. एवढा वाद निर्माण केल्याबद्दल मॅडोनाने मंचावरून कंपनीचे आभार मानले. त्याच रात्री सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान मिळाला नील यंग यांना, तोही कंपन्यांसाठी गाणाऱ्या कलावंतांची थट्टा करणाऱ्या गाण्यासाठी.

२७/
२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पेप्सीने ती जुनी जाहिरात त्याच सोहळ्याच्या प्रक्षेपणात पुन्हा दाखवली, आणि मॅडोनाने सार्वजनिकपणे समाधान व्यक्त केले. चौतीस वर्षांत वादाची आठवण ही विकण्याजोगी वस्तू झाली होती. पण परत आली ती वाढदिवसाची चित्रफीत. कंपनीचा आणि गायिकेचा समेट झाला, याच्या बातम्या झाल्या. अटक झालेला माणूस याही वेळी त्या बातम्यांच्या कडेलाच राहिला.

२८/
म्हणून, मित्रहो, एक विनंती. एखाद्या कृतीवरच्या वादाविषयी वाचाल तेव्हा आधी ती कृती स्वतः पाहा, आणि कथा क्रमाने कागदावर लिहून काढा. मग वादाची कागदपत्रे घ्या आणि तुमच्या यादीतील कोणते पात्र त्यांत आढळत नाही ते शोधा. कोण संतापले हे कागदपत्रे आपण न विचारताही सांगतात. कोण गाळले गेले हे मात्र विचारावे लागते.

२९/
व्हिडिओतील नायिका शेवटी एवढेच करते: पोलीस ठाण्यात जाते आणि पाहिलेले सांगते. ती काही सिद्धांत मांडत नाही. माझ्या अभ्यासशाखेकडून मी सध्या तरी याहून मोठी अपेक्षा ठेवलेली नाही. पुढच्या धाग्यात स्कॉट्सबरो खटल्याविषयी सविस्तर लिहीन. रुबी बेट्स यांनी साक्ष का फिरवली आणि त्यानंतर त्यांचे काय झाले, हे स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. आपल्या घरी कोणी त्या काळी हे गाणे कॅसेटवर ऐकले असेल, तर त्यांना ते कशाबद्दल वाटले होते हे जरूर विचारा आणि येथे लिहा. तेवढे तरी आपण गाळू नये.